थांबलेली वेलांटी

‘बाई, नाव काय आपलं?’ मुंबईहून आलेल्या साहेबांनी विचारलं.

मी हात जोडले आणि मान खाली घातली.

‘नाव विचारलं मी.’

‘साहेब, त्या आज बोलायच्या नाहीत.’ नाना हळबे घाईघाईनं पुढे झाले. ‘वत्सला पाटगावकर. आमच्या वर्गात चौदा वर्षं मराठी टायपिंग शिकवतात. आज सोमवार ना, सोमवारी त्यांचं मौन असतं. दिवेलागणीपर्यंत.’

‘मौन?’ साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलांवरच्या दोन कॉम्प्युटरांकडे. ‘आणि चाचणी ह्याच देणार?’

‘आपण मंगळवार कळवला होता...’

‘मंगळवारी मी सोलापुरात आहे. तार केली होती की तशी.’

तार पोचली नव्हती. दुपारी दोन वाजता पोचली, ते पुढे येईलच.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. सांगलीत नानांचा शारदा टंकलेखन वर्ग होता. त्या दिवशी आमचे बाराही टाइपरायटर झाकणं घालून भिंतीशी सरकवले होते आणि मधे दोन टेबलांवर दोन यंत्रं मांडली होती. जिल्ह्याच्या कचेऱ्यांतून कॉम्प्युटर येणार होते. ते मराठीत चालतील की इंग्रजीत, एवढंच साहेबांना ठरवायचं होतं. त्यांचं नाव देशभ्रतार. माणूस वाईट नव्हता, तुटक होता. आल्याआल्याच म्हणाले, ‘आज मराठी पास झाली तर झाली. नाही तर पुढच्या महिन्यापासून इंग्रजी यंत्रं बसतील. मग सातबारा काय आणि जन्माचा दाखला काय, सगळं इंग्रजीत.’

वर्गात तेव्हा माझ्याकडे बावीस मुली मराठी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत होत्या. त्या जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या.

यंत्रं ज्यांची, ते दोघं दोन खिडक्यांशी उभे होते, एकमेकांकडे पाठ करून. मुकुंद आठल्ये आणि यशवंत शिरगुप्पे. दोघंही नानांचे विद्यार्थी. दोघं बरोबरच इंजिनियर झाले आणि नानांच्याच मागच्या खोलीत चार वर्षं एका टेबलावर बसून कॉम्प्युटरला मराठी शिकवत राहिले. मग भांडले. कशावरून, तर वेलांटीवरून.

आमच्या टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मागून. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. महाराष्ट्रातल्या सगळ्या टायपिस्टांच्या बोटांना तीच सवय. आठल्ये म्हणायचे, यंत्रानं बोटांकडे यायचं, बोटांनी यंत्राकडे जायचं नाही. शिरगुप्पे म्हणायचे, टाइपरायटर बिचारा पुढंच सरकणारा, मागं वळता येईना म्हणून त्यानं तसं केलं. त्याचं पांगळेपण नव्या यंत्राच्या गळ्यात कशाला? पोर बोलतं तसंच लिहू दे की, आधी क, मग वेलांटी.

त्यावरून तीन वर्षं अबोला.

माझ्याकडे दोघंही यायचे, आपापलं यंत्र शिकवायला. आठल्ये सकाळी सातला, शिरगुप्पे दुपारी चारला. मधल्या वेळात त्यांचे निरोप माझ्यापाशी असायचे. ‘वत्सलाताई, त्यांना सांगा, पंख्याची वायर माझ्या टेबलावरून नेऊ नका.’ ‘वत्सलाताई, त्यांना सांगा, टेबल नानांचं आहे.’ मी सांगायची. आवाज न चढवता, शब्द न बदलता. फक्त सोमवारी त्यांची पंचाईत व्हायची.

आठल्यांचं यंत्र चारी बाजूंनी बंद. स्क्रू काढायला गेलं तर म्हणायचे, ‘आत काय आहे ते तुम्हाला कशाला? चाललं म्हणजे झालं.’ पण पहिल्या दिवशी मी त्यापुढे बसले, डोळे मिटले, बोटं सवयीनं चालवली आणि डोळे उघडले, तर काळ्या पडद्यावर हिरवीगार अक्षरं, आणि वर शिरोरेघ कुठंही न तुटता सरळ गेलेली. टाइपरायटरवर ती नेहमी जराशी वरखाली व्हायची. ‘त्या रेघेला सात महिने लागले,’ आठल्ये म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

शिरगुप्प्यांच्या यंत्राचं झाकणच काढून ठेवलेलं. आत सगळं उघडं. कोणत्या कळीनं कोणतं अक्षर उमटायचं त्याची एक यादी त्यांनी आत ठेवली होती आणि ती कशी उघडायची, कशी बदलायची तेही मला शिकवलं होतं. ‘मी उद्या नसलो तरी कुणालाही बदलता आली पाहिजे,’ म्हणायचे. त्यांनी एकदा मला अर्ध्या ओळीपाशी नेलं आणि म्हणाले, ‘इथं एक शब्द घाला.’ मी घाबरतच घातला. चौदा वर्षं मला ठाऊक होतं की राहिलेला शब्द म्हणजे अख्खा कागद पुन्हा. आणि इथं पुढचे शब्द आपणहून सरकले. पंगतीत उशिरा आलेल्या माणसाला बाकीचे जरा जरा सरकून पाट देतात, तसे. माझे हात आपोआप जुळले.

‘नमस्कार कुणाला, ताई?’ शिरगुप्पे हसले.

‘ज्यानं सुचवलं त्याला.’

‘मला सुचलं की हे!’

‘तुम्हाला कुणी सुचवलं?’

ते मान हलवून पुन्हा यंत्राकडे वळले. पण दुसऱ्या दिवसापासून यंत्र सुरू करण्याआधी मी हात जोडेपर्यंत ते थांबायला लागले.

तर त्या सोमवारी साहेबांनी मजकूर सांगायला सुरुवात केली. आधी आठल्यांचं यंत्र. गावाच्या पाण्याच्या टाकीचं पत्र होतं. साहेब भरभर सांगत गेले, मी भरभर लिहीत गेले. मौनात मी कामाचं टायपिंग करते. ते शब्द माझे नसतात, दुसऱ्यांचे असतात.

‘सुरेख,’ साहेब म्हणाले. ‘आता तिसऱ्या ओळीत गावाच्या नावाआधी ‘मौजे’ घाला.’

मी घातला. तो पुढच्या शब्दावर चढून बसला. पुढची सगळी ओळ मला पुन्हा लिहावी लागली, मग तिच्यापुढची. साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं. आठल्ये खिडकीतून बाहेर बघत राहिले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

मग शिरगुप्प्यांचं यंत्र. तेच पत्र. माझी बोटं तीन आठवड्यांत जे शिकली होती ते चौदा वर्षांपुढे किती टिकणार? दर वेलांटीला बोट आधी जायचं, आणि यंत्र ती वेलांटी मागच्याच अक्षराला चिकटवायचं. मी पुसायची, पुन्हा लिहायची.

‘चौदा वर्षं शिकवतात म्हणालात ना?’ साहेबांनी नानांना विचारलं.

जिन्यातून एक मुलगी म्हणाली, ‘बाई असं कधी करत नाहीत...’

शब्द घालायची वेळ आली तेव्हा मात्र ओळ सरकली. साहेब खुर्चीतून पुढे वाकले. ‘पुन्हा करा.’ मी पुन्हा केलं. मग ते मागे टेकले. ‘हे मोठं काम आहे. पण जिल्ह्यातल्या सगळ्या टायपिस्टांनी नव्यानं शिकायचं म्हणजे किती दिवस?’

‘तीन महिने,’ शिरगुप्पे म्हणाले.

‘तीन महिने कचेऱ्या बंद ठेवू?’

‘वत्सलाताई, त्यांना सांगा,’ आठल्ये खिडकीकडेच बघत म्हणाले, ‘हेच मी तेव्हापासून सांगत होतो.’

‘वत्सलाताई, त्यांना सांगा, ओळ कुणाची सरकली आणि कुणाची अडकली ते साहेबांनी बघितलंय.’

‘अहो, त्या बोलत नाहीत आज!’ साहेब वैतागले. ‘आणि तुम्ही दोघं बोलता, तर एकमेकांशी बोलत नाही. कमाल आहे.’ त्यांनी पेनाचं टोपण काढलं. ‘एकाला हात जमतो, ओळ जमत नाही. दुसऱ्याला ओळ जमते, हात जमत नाही. मी लिहितो, मराठी अजून तयार नाही. दोन वर्षांनी बघू.’

नाना आडवे पडायचेच बाकी होते. ‘साहेब, जेवून घ्या. घरी पानं वाढलीत. पेन जेवणानंतर चालवा. गाडी साडेचारची आहे ना?’

साहेबांनी टोपण पुन्हा लावलं, आणि नाना त्यांना घेऊन गेले.

सोमवारी माझा उपास. मी तिथंच बसले. आठल्ये आणि शिरगुप्पेही जेवायला गेले नाहीत. आधी कोण उठतो याची वाट बघत राहिले असावेत. पोस्टमन आला आणि तार देऊन गेला. शिरगुप्प्यांनी ती वाचली. ‘साहेब सोमवारी येत आहेत,’ ते खोलीला उद्देशून म्हणाले. कुणी हसलं नाही.

मी शिरगुप्प्यांच्या यंत्रापुढे बसले आणि ती कळींची यादी उघडली. पहिल्या कळीपुढचं अक्षर पुसलं आणि तिथं आमच्या टाइपरायटरचं घातलं. मग दुसरी कळ. मला तक्ता लागला नाही. कुठल्या बोटाखाली काय, हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

‘ताई, काय चाललंय?’ शिरगुप्पे येऊन उभे राहिले. मी थांबले नाही. दहा-बारा कळी झाल्यावर त्यांना उमगलं. ‘ह्या टाइपरायटरच्या जागा! माझ्या यंत्रात? काढा ते.’

मी काढलं नाही. त्यांनी माझा हात धरला असता तर मी उठले असते. त्यांनी धरला नाही. यादी त्यांनीच सगळ्यांसाठी उघडी ठेवली होती.

यादी पूर्ण झाली. मी ‘किरण’ लिहायला घेतलं. बोट सवयीनं आधी वेलांटीवर गेलं, आणि वेलांटी कोऱ्या जागेवर एकटीच उभी राहिली. मागून क आला तो तिच्यापासून लांब.

‘बघा,’ शिरगुप्पे म्हणाले. पण आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. ‘कळी बदलून भागत नाही. वेलांटी आधी आली की माझ्या यंत्राला तिचं काय करायचं ते कळतच नाही.’

मागे आठल्ये येऊन उभे होते. त्यांच्या यंत्राला ते कळत होतं. रोज सकाळी सात वाजता मी ते बघत होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘वत्सलाताई, त्यांना सांगा, तीन वर्षांपूर्वी ऐकलं असतं तर—’

‘वत्सलाताई, त्यांना सांगा, ऐकण्यासारखं बोलले असते तर—’

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. सव्वादोन वाजले होते.

इथं मला माझ्या नेमाचं सांगितलं पाहिजे. त्याच्या अकरा वर्षं आधी वडिलांना झटका आला आणि त्यांची वाचा गेली. मी हरिपूरला संगमेश्वरापुढे बसून म्हटलं, ह्यांची वाचा दे, माझी सोमवारची वाचा तुझ्या पायाशी. चाळीस दिवसांनी वडिलांनी मला हाक मारली. पुढे सहा वर्षं ते बोलत होते. ते गेले, पण सोमवार मी सोडला नाही. देवाला दिलेलं परत कसं मागायचं? आणि माझं मौन नावापुरतं नव्हतं. चिठ्ठी लिहायची नाही, खुणा करायच्या नाहीत. चिठ्ठी म्हणजे मागच्या दारानं बोलणंच.

मी उठले आणि आठल्यांच्या यंत्रापुढे बसले. हात जोडले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग लिहिलं:

‘आठल्येदादा, वेलांटी आधी आली की तुमचं यंत्र काय करतं, ते शिरगुप्पेदादांना तुम्हीच सांगा. मला आज निरोप पोचवता येत नाही.’

हिरवी अक्षरं. वरची रेघ सरळ. अकरा वर्षांत सोमवारी माझा पहिला शब्द, आणि तो तोंडातून नव्हता, कागदावरही नव्हता. तो उजेडात उभा होता. माझ्या अंगावर काटा आला. भीतीनं की कशानं, ते मला आजही सांगता येत नाही.

दोघांनी वाचलं.

‘ताई,’ शिरगुप्पे हळूच म्हणाले, ‘तुमचा सोमवार...’

आठल्यांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही. ‘थांबतं,’ ते म्हणाले.

‘काय?’

‘वेलांटी आली की यंत्र थांबतं, यशवंता. गप्प बसतं. काही करत नाही. पुढचं अक्षर येऊ देतं. ते आलं की आधी अक्षर ठेवतं आणि मग वेलांटी. पडद्यावर दिसते आधी, आत असते नंतर.’

‘आत नंतर?’ शिरगुप्प्यांचा आवाज चढला. ‘म्हणजे आत तू आपण बोलतो तसंच ठेवतोस? आधी क, मग वेलांटी?’

‘...हो.’

‘माझ्यासारखं?’

‘तेच बरोबर होतं.’

‘केव्हापासून?’

‘पहिल्यापासून.’

‘तीन वर्षं? तीन वर्षं आत माझंच म्हणणं चालवतोयस आणि मला—’

‘पेटी बंद आहे ना,’ आठल्ये म्हणाले. ‘कुणाला दिसणार?’

मला वाटलं आता हे एकमेकांच्या अंगावर जाणार. शिरगुप्प्यांनी खुर्ची ओढली, धाडकन आपल्या यंत्रापुढे बसले आणि म्हणाले, ‘सांग. तुझा प्रोग्रॅम किती ओळींचा आहे?’

‘अकरा.’

‘मी नवात बसवतो.’

‘बसव. मग वेलांटी पडली तर मला बोलू नकोस.’

‘आता बोलल्याशिवाय सोडतो होय तुला!’

ते दोघं एका पडद्यावर वाकले. मी आठल्यांच्या यंत्रावरची माझी ओळ पुसली. मागे जाणारी कळ दाबत गेले आणि अक्षरं एकेक करून निघून गेली, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत. कागद उरला नाही, डाग उरला नाही. मी बोलले होते की नव्हते, हे सांगणारं खोलीत काहीच राहिलं नाही, त्या दोघांच्या आवाजांखेरीज.

साडेतीनला साहेब सुपारी चघळत आले. शिरगुप्प्यांच्या यंत्रापुढे मी बसले. तेच पत्र, तोच वेग. वेलांटीवर बोट पडलं की पडद्यावर क्षणभर काहीच हलायचं नाही. मग अक्षर यायचं आणि ती त्याच्या शेजारी अलगद उभी राहायची. ‘मौजे’ घातला. ओळ सरकली. जिन्यातल्या मुली खोलीच्या दारापर्यंत आल्या होत्या. नानांनी त्यांना हटकलं नाही.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं नाही. ते म्हणाले, ‘बाई, गिरिजा लिहा.’

मी लिहिलं. दोन वेलांट्या. दोन वेळा यंत्र थांबलं.

‘गिरिजा देशभ्रतार.’

लिहिलं. प्रिंटर करकरला आणि कागद बाहेर आला. साहेबांनी तो हातात धरला. ‘माझी आई,’ ते म्हणाले. ‘आयुष्यभर अंगठा केला. स्वतःचं नाव छापलेलं तिनं कधी बघितलं नाही.’ त्यांनी कागदाची घडी करून आतल्या खिशात ठेवली. मग वहीत दोनच शब्द लिहिले, आणि नानांनी ते उलटे वाचून आम्हाला सांगितले: मराठी चालते.

मुलींनी एवढा गलका केला की खालचा सायकलवाला वर आला.

संध्याकाळी मी चिंचांच्या रस्त्यानं हरिपूरला गेले. दिवे लागले. मौन सोडताना माझा पहिला शब्द संगमेश्वराच्या नावाचा असतो. त्या दिवशी तो लवकर तोंडात येईना. मी नुसतीच बसून राहिले. खाली दोन नद्या मिळतात तिथलं पाणी बघत.

रात्री मी नानांना सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मौन धरलं. सकाळी पेढे घेऊन दोघंही आले, जिन्यातूनच भांडत. नऊ ओळींच्या प्रोग्रॅमनं कुठल्याशा जोडाक्षरात वेलांटी पाडली होती.

‘ताई, तुम्हीच सांगा ह्याला—’

मी हात जोडले.

‘आज तर मंगळवार ना, नाना?’

‘काल तुमच्यापायी मोडला,’ नाना म्हणाले. ‘आज भरून काढतायत.’

दोघं एकदम गप्प झाले. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून वर्गाच्या पायरीवर जाऊन बसले. यशवंत शिरगुप्पे दहा मिनिटं गप्प बसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. दिवेलागणीपर्यंत ते बसून होते.

तरी वर्षभरात ते वेगळे झालेच. एक पुण्याला गेला, एक इचलकरंजीला. एकानं बंद पेटी केली, एकानं उघडी. भांडले, पण समोरासमोर भांडले, फोनवर, तासतासभर. पुढे माझा भाचा सांगायचा की साता समुद्रापलीकडेही कॉम्प्युटरवाले असेच दोघं होते, एकाची पेटी बंद आणि एकाचं काम कुणाच्याही पेटीत चालणारं, आणि सगळं जग त्या दोघांचं वापरतं. मला नवल वाटलं नाही. आज भाजीवाली फोनवर मराठीत लिहिते, ‘मावशी, मेथी आलीय.’ त्यात आमच्या त्या दोघांचं काही आहे असं मी म्हणत नाही. असे किती गावांत किती जण बसले असतील, एकेका वेलांटीसाठी वर्षं घालवत. भाजीवालीचा निरोप आला की मी मनातल्या मनात त्या सगळ्यांना हात जोडते.

गेल्या श्रावणात शिरगुप्पे गेले. पुढच्या सोमवारी दुपारी दार वाजलं. मुकुंद आठल्ये, काठी टेकत. पुण्याहून एकटेच आले होते. मी पाणी दिलं. सोमवार त्यांच्या लक्षात होता. पंखा फिरत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्या फोनकडे बोट केलं. मी दिला. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

‘वत्सलाताई, त्यांना सांगा, वेलांटी अजून थांबते.’

मी वाचल्याचं त्यांनी पाहिलं. मग फोन परत घेतला आणि ती ओळ पुसली, मागून पुढे, एकेक अक्षर. फोन टेबलावर ठेवला, काठी उचलली आणि ते गेले.

दिवेलागणीला मी समई लावली. मौन सुटताना पहिला शब्द देवाचा असतो, अठ्ठेचाळीस वर्षांचा नेम आहे. त्या दिवशी मी आधी निरोप सांगितला.